ओच्यातलं कारटं

"साहेब कुठं आहेत?" दुकानदाराने माझ्या मागे, दाराकडे बघत विचारलं.

"साहेब घरी आहेत. रिव्हॉल्व्हर माझं आहे," मी म्हणाले आणि परवाना काउंटरवर ठेवला.

त्याने तो दोनदा वाचला. सौ. वैजयंता कमलाकर कुलथे, व्यवसाय सराफी. मग नाइलाज झाल्यासारखा त्याने रिव्हॉल्व्हर अडकवायच्या चामड्याच्या पट्ट्यांचा ढीग माझ्यापुढे ओतला. कमरेला लावायचे, काखेत बांधायचे, घोट्याला आवळायचे. सगळे पँट-शर्ट घालणाऱ्या माणसाच्या मापाचे.

"बाईमाणसासाठी काही नाही का हो?"

"बाईमाणसाला पर्स असते ना, वहिनी," तो म्हणाला. "त्यात ठेवायचं. वर रुमाल टाकायचा. झालं."

त्याच्या लेखी झालं. माझ्या मागे मात्र तिथून जे शुक्लकाष्ठ लागलं, ते उन्हाळा सरेपर्यंत सुटलं नाही.

तेव्हा मोबाइल आले नव्हते. आमचं तालुक्याच्या गावी छोटंसं सराफी दुकान होतं, पण खरा धंदा आठवडी बाजारांवर चालायचा. रोज एका गावचा बाजार. हे लहानशी पेटी घेऊन लूनावरून जायचे, बाजारात सतरंजी टाकून बसायचे, मणी-डोरली, जोडवी, नाकातल्या मुरण्या विकायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. आदल्या दिवाळीच्या तोंडावर बोरखेडच्या बाजाराहून येताना चिंचेच्या ओढ्यात मागून मोटारसायकल आली. दोघे जण, तोंडाला रुमाल. पेटी सोडायला यांनी जरा उशीर लावला, तर एकाने कोयता चालवला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. माणसं सापडली नाहीत.

धंदा बंद ठेवून घरात बसणं परवडणारं नव्हतं. मुलगी पुण्याला शिकत होती. मी म्हटलं, मी जाते. हे म्हणाले, जा, पण हत्यार घेऊन जा. चाप ओढायला बोट लागतं आणि बोटं माझ्याकडे होती, म्हणून परवाना माझ्या नावाने निघाला.

पोलीस ठाण्यातल्या फौजदारांनी मला मैदानावर नेऊन चार गोळ्या झाडायला लावल्या. पहिली गोळी सुटली तेव्हा मी ओरडले होते. "हे बघा ताई," ते म्हणाले, "हे मिरवायचं नाही, दाखवायचं नाही. कुणाला भीती घालायला तर मुळीच बाहेर काढायचं नाही. बाहेर काढलं म्हणजे झाडायचं. झाडायचं नसेल तर आत राहू द्या."

ते आत म्हणजे कुठे, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

आधी पर्स करून पाहिली. लूना अजून शिकत होते, म्हणून एस.टी.ने जायची. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बाईने प्रेमाने ती पर्स मांडीवर घेतली आणि वर आपलं तान्हं पोर बसवलं. माझा जीव पुढच्या थांब्यापर्यंत टांगणीला. शिवाय चोर आधी ओढणार काय, तर पर्सच. मग परकराच्या नाडीत खोचून पाहिलं. बाजारात मांडी घालून बसलं की नळीचं तोंड बरोबर बेंबीखाली रुतायचं. मी दिवसभर गिऱ्हाइकाशी हसून बोलायची आणि मनात म्हणायची, देवा, आत्ता शिंक येऊ देऊ नकोस. घोट्याला बांधलं तर पाय असा बधिर व्हायचा की उठताना मी कोलमडायची. परकराला आतून खिसा शिवून घेतला. शिंपी म्हणाला, काकू, एवढा मोठा खिसा कशाला? म्हटलं, औषधाची बाटली ठेवायला. ती बाटली पावलागणिक मांडीवर आपटायची. मांडी काळीनिळी झाली.

संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज कुठं टोचलं?"

मी जागा दाखवायची. हे डाव्या हाताने तिथे तिळाचं तेल चोळून द्यायचे.

खरं सांगायचं तर हत्यार आल्यापासून माझी भीती दुप्पट झाली होती. आधी मला फक्त चोरांचं भय होतं. आता त्याच्या जोडीला हे आपोआप सुटेल, पडेल, कोणाच्या हाती लागेल, ऐन वेळी अडकेल, या सगळ्याचं. मागून मोटारसायकलचा आवाज आला की माझी नजर आरशावर खिळायची. गिऱ्हाईक जरा जास्त वेळ पेटीकडे बघत राहिलं की मी त्याच्या हातांकडे बघत राहायची. रात्री दचकून उठायची आणि हेही जागेच असायचे.

तोडगा काढला तो माझ्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. बाई ऐंशीला टेकलेली, पण जिभेला धार.

"मी म्हणते, या सहावारीत काय ठेवायचं गं? दोन निऱ्या खोचल्या की संपलं लुगडं," त्या म्हणाल्या. "नऊवारी नेस. अन् ओच्यात घाल तुझं ते कारटं."

"ओच्यात?"

"मग! रझाकारीत माझ्या धाकट्या जावेनं घरातलं सगळं सोनं ओच्यात घालून भर दिवसा गाव सोडलं. रस्त्यात अडवणारे म्हणाले, जाऊ द्या, पोटुशी दिसतीये. ओच्यासारखी तिजोरी नाही."

त्यांनी स्वतः मला त्यांचं हिरवं इरकली लुगडं नेसवलं. पोटाशी निऱ्यांचा घेर वर ओढून घट्ट खोचला, त्याची जी खोळ झाली तिच्यात फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि वरून थोपटलं.

"चाल. बस. वाक. आता माझ्या पाया पड."

मी चालले, मांडी घातली, वाकले, पाया पडले. कुठे म्हणून टोचलं नाही. ते पोटाशी असं बसलं की जणू तिथलंच होतं. लूनावर पाय दोन्हीकडे टाकता यायचे हा वरचा फायदा. बाजारातल्या बायका हसल्या, "काकू, उलट्या म्हाताऱ्या व्हायला लागल्या काय?" म्हटलं, सासूबाईंची हौस. रोज सकाळी निघताना आत्याबाई आतून विचारायच्या, "कारटं घेतलंस का?" आणि मी ओचा थोपटून म्हणायची, "घेतलं."

महिनाभरात माझं शरीर त्या ओझ्याला इतकं सरावलं की ते आहे हे मला कळेनासं झालं. नुसता हात तेवढा लागायचा. पोटावर वजन आहे ना? आहे. मग निघायचं.

त्या दिवशी बोरखेडचाच बाजार होता. बाजार आटोपून मला अंबादास ढाकण्यांच्या घरी जायचं होतं. त्यांच्या अलकाचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि तिचं मंगळसूत्र आम्ही घडवलं होतं. अंबादासराव म्हणजे शांत माणूस. यांना ओढ्यात लुटलं तेव्हा आपल्या बैलगाडीत घालून दवाखान्यात पोचवणारे तेच.

त्यांच्या घरची एक रीत होती. लग्नाचे काळे मणी पोचते करायला सोनाराच्या घरची सवाष्ण आली, की तिची ओटी भरल्याशिवाय मणी देवापुढे ठेवायचे नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडून आजवर त्यांच्या घरी मणी घेऊन मोठ्या जाऊबाईच गेल्या होत्या.

मी ओसरीवर पेटी उघडली. आयाबाया गोळा झाल्या. मंगळसूत्र या हातातून त्या हातात फिरलं. अलका लाजून खांबाआड उभी होती. एवढ्यात अंबादासरावांची बायको, गयाबाई, सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, वर खण.

"काकू, पाटावर बसा. ओटी भरते."

"पदरात घाला हो," मी म्हटलं.

"पदरात कशाला? आज तुमी लुगडं नेसून आलाव. म्या माझ्या हातानं ओच्यात घालनार. सोनारीन लुगड्यात आली, आमच्या अलकीचं नशीब!"

मला घाम फुटला. ही बाई आता ओच्यात हात घालणार आणि तिच्या हाताला थंडगार लोखंड लागणार. लग्नाच्या घरात, देवापुढे, बायकांच्या घोळक्यात. पेटीत ठेवावं तर पेटी उघडी, तिच्याभोवती डझनभर डोळे.

"आधी पाय धुऊन येते," मी म्हटलं आणि परसातल्या मोरीत शिरले. दाराला पोत्याचा पडदा होता. ओच्यातून ते काढलं, फडक्यासकट घंगाळामागच्या कोनाड्यात सारलं, पायांवर पाणी घेतलं आणि बाहेर आले. मनात म्हटलं, ओटी झाली की पुन्हा पाय धुवायला यायचं.

गयाबाईने हळदकुंकू लावलं. ओंजळीने तांदूळ घातले, नारळ घातला आणि खरंच कोपरापर्यंत हात घालून सगळं नीट बसवलं. वरून माझा ओचा घट्ट खोचून दिला. "हां. आता जाईस्तोवर सोडायचा न्हाई. भरल्या ओटीनं घरी जायचं."

मग चहा आला. मग अलका पाया पडली. मग कोणा म्हातारीला जोडव्यांचा भाव हवा होता. मी अंगणात नजर टाकली तर लिंबाची सावली पार वाड्याच्या भिंतीपर्यंत सरकलेली. ओढा उन्हं असताना ओलांडायचा, हा आमचा नेम. मी घाईने पेटी बंद केली, पिशवीत घातली, लूनाला अडकवली. निघताना सवयीने हात ओच्यावर गेला.

जड होतं. मी निघाले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फुफाटा असा की मागे वळून बघावं तर आपलीच धूळ. ओढ्याचा उतार दिसला तेव्हाच मागून मोटारसायकलचा आवाज आला.

आधी मी स्वतःला समजावलं. रस्ता काय आपल्या एकटीचा आहे? जाईल पुढे. पण आवाज पुढे जाईना. आरशात पाहिलं. दोघे जण. दोघांच्याही तोंडाला फडकी. मागचा एक हात वर करून हलवत होता आणि काहीतरी ओरडत होता. दुसऱ्या हातात काहीतरी होतं, तो हात त्याने अंगापासून लांब धरला होता.

कोयता, मी म्हटलं. यांच्या वेळीही मागच्याच्या हातात होता.

उतारावर लूना पळाली. पण ओढा कोरडा, तळाला वाळू. चाकं रुतली, इंजिन धापा टाकून बंद पडलं. मी पायडल मारत होते, ते नुसतं फिरत होतं. माझ्या घशातून कसलातरी आवाज निघत होता आणि तो माझाच आहे हे मला कळत नव्हतं. जागासुद्धा तीच. समोर ते चिंचेचं झाड. याच झाडाखाली हे पडले होते.

मी लूना सोडली आणि तिच्याआड उभी राहिले. मोटारसायकल काठावर थांबली. मागचा उतरला. उतरून तो माझ्याकडे पळतच यायला लागला.

त्या क्षणी माझी भीती गेली नाही, पण ती एका जागी गोळा झाली. मी मनाशी ठरवलं. आधी हा. मग गाडीवरचा. फौजदारांचं वाक्य मला लख्ख आठवलं, बाहेर काढलं म्हणजे झाडायचं. मी झाडणार होते. याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. त्याचं तोंड दिसण्याआधी, तो काय म्हणतो ते ऐकण्याआधी, मी त्याला गोळी घालणार होते.

मी ओच्यात हात घातला.

बोटांना तांदूळ लागले. मग आणखी तांदूळ. मग नारळाची शेंडी.

मला काही कळेचना. मी वेड्यासारखी त्या तांदळात शोधत राहिले. खोच सुटली. हळकुंडं, सुपाऱ्या, सगळं वाळूत पडलं. हातात आला तो नारळ, तोच मी डोक्यावर उगारला आणि किंचाळले, "पेटी न्या! पेटी न्या, पण मारू नका!"

माणूस जागच्या जागी थांबला. त्याने तोंडावरचं उपरणं खाली ओढलं.

"आवं काकू! म्या हाय. अंबादास."

मी तशीच, नारळ उगारून.

"किती हाका मारल्या तुमाला! धुळीत काय ऐकायला यीना व्हय?" त्यांना धाप लागली होती. त्यांनी हातातली कापडी पिशवी पुढे केली. विंचवाची नांगी धरावी तशी दोन बोटांत, अंगापासून लांब. "हे तुमचं. मोरीत ऱ्हायलं व्हतं. अलकी हात धुवाया गेली अन् वराडतच भाईर आली."

पिशवीत नवा खण होता आणि खणात ते गुंडाळलेलं होतं. त्याच्या मुठीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

"त्ये गयाबाईनं लावलं," ते ओशाळून म्हणाले. "म्हनली, सवाष्णीच्या ओटीतलं हाय, तसंच कसं धाडायचं?"

गाडीवरचा त्यांचा पुतण्याही तोवर खाली आला होता. विशीतलं पोरगं, घामाने निथळलेलं.

"म्या ह्याला म्हनलं, गाडी काढ," अंबादासराव सांगत होते. "काकू एकल्या ओढ्यातनं जानार. अन् हत्यार आपल्या घरी. त्या येळी कमलाकररावांना म्या हितनंच उचललं व्हतं. आता तुमाला काय झालं असतं तर काय तोंड दावलं असतं त्यास्नी?"

मी वाळूतच बसले आणि रडायला लागले. इतकी मोठ्याने मी यांची बोटं गेली तेव्हाही रडले नव्हते.

"आवं, घाबरू नका. हाय न्हवं आमी," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या नारळाकडे बघून त्यांना हसू आलं. "काकू, खरं सांगा. ह्यो नारळ मारनार व्हता व्हय मला?"

"हो," मी म्हटलं.

ते मनापासून हसले. पुतण्याही हसला. मग अंबादासरावांनी उपरणं वाळूवर पसरलं, उकिडवे बसले आणि सांडलेले तांदूळ वेचायला लागले. मी म्हटलं, राहू द्या हो. "ऱ्हाऊ द्या कसं? माझ्या लेकीच्या मंगळसुत्राची ओटी हाय," ते म्हणाले. ते एकेक दाणा वेचत होते आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. गोळी नेमकी कुठे लागली असती, हे मला सारखं मनात येत होतं आणि मी ते थांबवू शकत नव्हते.

ते दोघे मला गावाच्या वेशीपर्यंत सोडायला आले.

दारात हे उभेच होते. "आज कुठं टोचलं?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हणाले आणि हळदकुंकू लागलेलं ते त्यांच्यापुढे ठेवलं. मग सगळं सांगितलं. अंबादासरावांचं नाव येताच यांनी आपली राहिलेली दोन बोटं दुसऱ्या मुठीत घट्ट धरली. मग म्हणाले, "उद्या ठाण्यात जमा करून ये."

दुसऱ्या दिवशी मी सहावारी नेसले आणि फौजदारांच्या टेबलावर ते ठेवून आले. पुढच्या बाजाराला निघताना आत्याबाईंनी सवयीने विचारलं, "कारटं घेतलंस का?" मी म्हटलं, "त्याला आता परत आणायचं नाही, आत्याबाई." बाजार मी नंतरही बरीच वर्षं केले. आमच्याच धंद्यातल्या आणखी दोघांना सोबत घेऊन, पण घाबरतच. भीती काही ठाण्यात जमा करून घेत नाहीत.

अलकाच्या लग्नाला आम्ही दोघेही गेलो. अंबादासरावांनी नवा फेटा बांधला होता. त्यांनी मला पाहिलं आणि भर मांडवात व्याह्यांना हाक मारली.

"पाव्हणं, ह्या आमच्या सोनारकाकू. ह्यांच्यापासून जपून ऱ्हावा बरं का. नारळ फेकून मारत्यात!"

मांडव हसला. मीही हसले. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता वाटल्या गेल्या. अंबादासराव लेकीमागे उभे होते, एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्याने तिच्या खांद्यावरचा शेला सारखा करत. सगळे अक्षता टाकत होते. माझी मूठ मात्र मिटलेलीच राहिली. तांदूळ बोटांना लागले होते आणि मला हात उघडता येत नव्हता.

हे माझ्याकडे झुकले. त्यांनी हळूच विचारलं, "कुठं टोचलं?"

त्या दिवशी मला जागा दाखवता आली नाही.